शाळेत मुलांचे स्कूटरवर्ग: परवानगीपासून फुटपाथपर्यंत

इंग्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळांच्या फाटकावर सकाळी पावणेनऊला पायाने ढकलत न्यायच्या स्कूटरवरून येणाऱ्या मुलांची रांग लागते. पुढे पोर सुसाट आणि मागे हाक मारत धावणारे आई-बाबा, असं दृश्य रोजचंच. वेगात जायचं कसं हे मुलं आपली आपण शिकतात. थांबायचं कसं हे शिकवावं लागतं, आणि ते शिकवण्यासाठीच हे वर्ग असतात.

बऱ्याच काउन्सिल (म्हणजे इथल्या नगरपालिका) असे वर्ग घ्यायला प्रशिक्षक पाठवतात. जिथे ती सोय नाही तिथे पालक संघ, सहायक शिक्षक किंवा उत्साही पालक मिळून वर्ग चालवू शकतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे, विशेषतः भारतातून येऊन इथे स्थिरावणाऱ्या मराठी पालकांसाठी. काम अवघड नाही. गोंधळ होतो तो कागदपत्रांत आणि क्रमात. खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये स्वयंसेवकांच्या तपासणीची पद्धत वेगळी आहे.

१. आधी काउन्सिल, मग शाळा

सगळ्यात आधी आपल्या काउन्सिलच्या रस्ता सुरक्षा विभागाला ईमेल करा. तीन गोष्टी विचारा: फुकट प्रशिक्षण मिळतं का, स्कूटर आणि हेल्मेट उसने मिळतात का, आणि त्यांचा तयार धोका-आराखडा (रिस्क असेसमेंट) वापरता येईल का. बाइकेबिलिटी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो सायकलचा राष्ट्रीय उपक्रम आहे. स्कूटरचे वर्ग प्रत्येक काउन्सिल आपल्या पद्धतीने चालवते, त्यामुळे शेजारच्या गावात मिळणारी सोय तुमच्याकडे मिळेलच असं नाही.

शाळेत थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. ऑफिसमधून दोन नावं विचारून घ्या: खेळाचे शिक्षक कोण, आणि शाळेबाहेरच्या सहलींचं काम कोण बघतं. अशा सहलींसाठी बहुतेक शाळांत एक नेमलेली व्यक्ती असते आणि तिला ईव्हीसी (एज्युकेशनल व्हिजिट्स कोऑर्डिनेटर) म्हणतात. मुलांना फाटकाबाहेर फुटपाथवर न्यायचं असेल तर हिची मंजुरी लागते. पहिल्या ईमेलमध्ये लांबलचक प्रस्ताव नको. किती मुलं, कोणत्या इयरची (इयत्तेची), किती मिनिटं, कोणत्या जागेत आणि मोठी माणसं किती, एवढं पाच ओळींत लिहा.

काळ निवडताना हवामान बघा. सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुट्टी, किंवा ईस्टरनंतर जुलैपर्यंत, हे दोन हंगाम चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मैदान ओलं, पानं कुजलेली, सकाळी बर्फाचा पातळ थर. तेव्हा वर्ग ठेवले तर निम्मे रद्दच करावे लागतात.

२. डीबीएस आणि इतर कागद

मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते. ती तपासणी म्हणजे डीबीएस. सतत शिक्षकाच्या देखरेखीखाली मदत करणाऱ्या पालकाला ती लागेलच असं नाही. ते शाळा ठरवते. पण वर्ग तुम्हीच चालवणार असाल तर ती करावी लागेल हे धरूनच चाला. स्वयंसेवकांसाठी तपासणीचं सरकारी शुल्क नाही, मात्र मधली संस्था स्वतःचं प्रक्रिया शुल्क घेऊ शकते. अर्ज शाळेमार्फत होतो.

मराठी माणसाचा अर्ज अडकतो तो नावावर. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, बँकेच्या पत्रावर एकच, आणि लग्नाआधीचं आडनाव तिसरंच. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं लिहायची, माहेरच्या नावासकट. दुसरी अडचण पत्त्यांची. गेल्या ५ वर्षांतले सगळे पत्ते लागतात, मधे एक महिनाही रिकामा चालत नाही. त्या काळात तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात राहत असाल तर तिथले पत्तेही तारखांसह द्या. भाड्याचं घर बदलताना मधले तीन आठवडे मित्राकडे काढले असतील तर तोही पत्ता लिहा.

परदेशात राहिलेल्या व्यक्तीकडे शाळा तिथल्या पोलिसांचा दाखलाही मागू शकते. भारताच्या बाबतीत हा म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, आणि ब्रिटनमध्ये राहून तो मिळवायला डीबीएसपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. म्हणून शाळेला पहिल्याच भेटीत विचारा. वर्गाच्या आठवडाभर आधी ही मागणी आली तर अख्खा बेत पुढच्या सत्रावर जातो.

डीबीएसचं प्रमाणपत्र तुमच्या घरी टपालाने येतं, शाळेकडे जात नाही. जाहिरातीचं पत्र समजून फेकू नका. मूळ प्रत शाळेत दाखवायची असते. ते निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवा. स्वयंसेवकांना ही नोंदणी फुकट आहे, आणि पुढे दुसऱ्या शाळेत अशाच कामाला गेलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

फाईलमध्ये एवढं हवं:

- डीबीएस प्रमाणपत्र, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा
- धोका-आराखडा, शाळेच्या सहीसह
- विम्याबद्दल शाळेचं लेखी उत्तर
- प्रत्येक मुलासाठी पालकांचं संमतीपत्र
- दमा, फिट्स, ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आणि त्यांची औषधं कुठे आहेत याची नोंद
- मुलांची हजेरी आणि पालकांचे तातडीचे फोन नंबर
- फुटपाथच्या वर्गासाठी रस्त्याचा नकाशा

विम्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. 'शाळेच्या विम्यात येईल की' असं कोणी म्हणालं तरी ईमेलवर मागा. तुम्ही मानधन घेऊन शिकवत असाल तर स्वतःचा दायित्व विमा (पब्लिक लायबिलिटी) लागतो. शाळा अनेकदा ५० लाख पौंडांपर्यंतचं संरक्षण मागतात.

संमतीपत्रात चार प्रश्न वेगवेगळे विचारा: मैदानात वर्ग चालेल का, फाटकाबाहेर नेलं तर चालेल का, आमचा कोणी स्कूटरचा सैल बोल्ट आवळला तर चालेल का, फोटो काढले तर चालतील का. एकाच सहीत सगळं गुंडाळलं की फोटोला नकार असलेला पालक अख्ख्या वर्गालाच नकार देतो. स्वतःचा फोन मात्र वर्गात खिशातच ठेवा. फोटो हवेच असतील तर शाळेच्या कॅमेऱ्याने शाळेचा माणूस काढेल.

३. कोणती मुलं, किती मुलं

इथल्या रिसेप्शनमध्ये ४-५ वर्षांची मुलं असतात, इयर वनमध्ये ५-६, इयर टूमध्ये ६-७. म्हणजे आपल्याकडच्या पहिलीच्या वयाची मुलं इथे इयर टूमध्ये. स्कूटरसाठी इयर वन ते इयर थ्री हा सर्वांत चांगला काळ. रिसेप्शनच्या मुलांचा वर्ग २५ मिनिटांचाच ठेवा आणि त्यांना फाटकाबाहेर नेऊ नका.

मैदानात १२ मुलांमागे किमान दोन मोठी माणसं हवीत, त्यातला एक शाळेचा कर्मचारी. ३० मुलांचा वर्ग असेल तर तीन गट करून ४५-४५ मिनिटं द्या. 'सगळ्यांना एकदमच घेऊ' ही सूचना हमखास येते. ती नम्रपणे नाकारा. ३० स्कूटर एका मैदानात सोडल्या की तुमचा सगळा वेळ टक्कर टाळण्यात जातो आणि कोणीच काही शिकत नाही.

१२ मुलांना साधारण २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद सपाट डांबरी जागा पुरते. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा: ऊन डोळ्यांवर येतं का, स्वयंपाकघराकडे येणारी मालाची गाडी तिथूनच जाते का, दुसऱ्या वर्गाची मधली सुट्टी तेव्हाच असते का. झोपाळ्याखालचा रबरी थर, गवत आणि बारीक खडी टाळा. मैदानाला उतार असेल तर सुरुवात नेहमी खालून, मुलं चढाकडे तोंड करून.

४. सामान

छोटे शंकू २० ते २४, जाडे खडू, शिट्टी, १५ सेंटीमीटर उंचीचे मऊ अडथळे चार, चमकदार बंड्या सगळ्यांना पुरतील एवढ्या, प्रथमोपचार पेटी, निर्जंतुक पुसण्या. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की प्रत्येकी दोन घ्या. दोन यासाठी, की दुचाकी स्कूटरच्या चाकाचा बोल्ट दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय बऱ्याचदा फिरत नाही. एकच की असेल तर सगळा बोल्ट नुसता गोल फिरत राहतो.

स्कूटर शक्यतो एका मुलामागे एक. घरून आणायला सांगितल्या तरी तीन-चार जास्तीच्या ठेवा, कारण कोणाकडे नसते, कोणी विसरतं, आणि एखादी तपासणीत बाद होते. ज्यांच्याकडे स्कूटर नाही त्यांची नावं वर्गासमोर वाचू नका. जास्तीच्या स्कूटर आधीच रांगेत लावून ठेवा.

विजेवर चालणारी स्कूटर वर्गात घेऊ नका, खेळण्यातली म्हटली तरी. ब्रिटनमध्ये खासगी ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर चालवता येत नाही. भाड्याच्या ई-स्कूटरचे प्रयोग काही शहरांत चालू आहेत, पण ते १६ वर्षांवरच्या परवानाधारकांसाठी. हे पालकांना पत्रातच कळवा, म्हणजे दारात वाद होत नाही.

५. स्कूटर तपासणी

यात १० मिनिटं गेली तरी चालतील. मुलांकडूनच करून घ्या, तुम्ही मागून बघत चला. क्रम असा:

हँडल. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून बघायचं. चाक जागेवर आणि हँडल फिरतंय म्हणजे क्लॅम्प सैल आहे. स्वस्त स्कूटरमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच.

घडीचा खटका. स्कूटर हँडलने उचलून मागचं चाक वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडा. खडखड आवाज आला किंवा सांधा हलला तर खटका पूर्ण बसलेला नाही. हे करताना लहान बोटं सांध्यापासून लांब. घडी घालताना बोट चेंगरण्याचे प्रकार इथेच होतात.

ग्रिप. हँडलची दोन्ही टोकं रबराने झाकलेली हवीत. रबर फाटून नळी उघडी पडली असेल तर ती स्कूटर बाद. पडताना हँडलचं टोक पोटात जातं आणि उघडी नळी आतपर्यंत इजा करू शकते. ही एक गोष्ट चालवून घ्यायची नाही, मूल कितीही रडलं तरी.

चाकं. हाताने फिरवा, मग बाजूंनी हलवा. फिरताना खरखर झाली तर बेअरिंगमध्ये वाळू आहे, चालेल. बाजूने डगडग झाली तर आधी बोल्ट आवळा, तरी डगडगलं तर चालणार नाही.

ब्रेक. मागच्या चाकावरची पट्टी दाबल्यावर परत वर यायला हवी. इथे एक घरगुती चूक नेहमी दिसते: किरकिर थांबावी म्हणून बाबांनी तेलाचा फवारा मारलेला असतो. तेल ब्रेकपट्टीवर आणि चाकावर पसरतं आणि ब्रेक लागतच नाही. अशी स्कूटर आली तर चाक आणि पट्टी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

उंची. मूल फळीवर सरळ उभं राहिलं की हँडल कंबर आणि बेंबीच्या दरम्यान यावं, कोपर किंचित वाकलेला. आपल्याकडे वाढत्या अंगाचा सदरा घेतात तशी स्कूटरही मोठी घेतली जाते आणि हँडल छातीशी येतं. मग खांदे वर चढतात, वजन मागे जात नाही आणि ब्रेक दाबताना तोल जातो. हँडल खाली घ्या आणि घरी तसंच ठेवायला सांगा.

बोल्ट आवळण्यापलीकडे दुरुस्ती करू नका. फळीला चीर असेल किंवा सांधा वाकला असेल तर चिठ्ठी लावून घरी पाठवा आणि मुलाला जास्तीची स्कूटर द्या.

६. हेल्मेट, बूट, कपडे

ब्रिटनमध्ये हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, पण वर्गात सक्ती ठेवा. आत ईएन १०७८ हे मानक लिहिलेलं असावं. सायकल, स्केटबोर्ड आणि रोलरस्केटसाठीचं ते युरोपीय मानक आहे. बसवताना: भुवईच्या वर दोन बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही आकार, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं हेल्मेट पुढे पडल्यावर काही कामाचं नाही. वर बांधलेली पोनीटेल किंवा जाडा क्लिप असेल तर हेल्मेट बसत नाही; केस मानेजवळ बांधायला आदल्या दिवशी पालकांना कळवा. शीख मुलांच्या पटक्याबद्दल आणि हिजाबबद्दल शाळेकडून आणि घरून आधी ठरवून घ्या, मुलांसमोर चर्चा नको.

शाळेची हेल्मेटं वाटून वापरायची असतील तर उवांचा प्रश्न येतो. लाजू नका, शाळा ओळखून असतात. प्रत्येक गटानंतर आतली गादी पुसा, किंवा कागदी टोपी घालायला द्या.

बूट बंद आणि घट्ट. रबरी चपला, सँडल नकोत. नाड्या आत खोचलेल्या, मफलर काढलेला, गळ्यातलं कार्ड काढलेलं. थंडीत बोटांचे हातमोजे चालतात. बोटं एकत्र असलेले जाड मोजे नकोत, ग्रिप सुटते.

७. पहिला वर्ग: थांबणं

स्कूटर बाजूला ठेवून सुरुवात करा. पाच मिनिटं लंगडी. खरंच लंगडी, स्कूटरवर सगळा तोल एका पायावर असतो आणि आपला हा खेळ त्यासाठी अगदी बेतलेला आहे. दोन्ही पायांवर घाला. ज्या पायावर मूल जास्त स्थिर राहतं तो बहुधा फळीवरचा पाय. पण ठरवून देऊ नका, दोन्ही करून बघू द्या.

मग उभं राहणं: पाऊल फळीवर पुढच्या दिशेला, आडवं नाही. गुडघा सैल. नजर समोर, चाकावर नाही. ढकलणारा पाय फळीला जवळजवळ घासून जावा. लांबून ढकललं की स्कूटर डगमगते आणि फळीची कड घोट्यावर बसते. घोट्याच्या आतल्या बाजूला निळे डाग दिसले की समजावं.

दहा ढकलण्यांनंतर पाय बदलायला लावा. मुलं कुरकुर करतील, कारण दुसऱ्या पायाने वेग येत नाही. तरी करून घ्या. रोज शाळेला एकाच पायाने येणाऱ्या मुलांचा तोल एकाच बाजूला पक्का होतो आणि अचानक उतरायची वेळ आली की दुसरा पाय गोंधळतो.

आता मुख्य काम. खडूने ४ मीटर लांबीची चौकट आखा. १० मीटर लांबून मुलं येणार आणि चौकटीत थांबणार. जमलं की चौकट २ मीटरची करा, मग १ मीटरची. सूचना एवढ्याच: ढकलणं थांबव, गुडघे वाकव, कंबर मागे ने, पायाने ब्रेक हळूहळू दाब.

कंबर मागे का, हे तुम्हाला माहीत हवं. ब्रेक मागच्या चाकावर आहे. थांबताना शरीराचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि हलक्या चाकावरचा ब्रेक घसरतो. मूल घाबरून ब्रेकवर जोरात पाय आपटतं, चाक अडतं आणि शेपटी बाजूला फिरते. ओल्या डांबरावर हे फार लवकर होतं. पाच वर्षांच्या हलक्या मुलाचं वजन तर ब्रेकला पुरतच नाही. अशा मुलांना ब्रेकच्या आधी उतरणं शिकवा: वेग कमी झाला की ढकलणारा पाय फळीच्या बाजूला जमिनीवर, मग दुसरा, हँडल न सोडता दोन पावलं चालत. ब्रेक नंतर जमेल.

बुटाचा तळवा घासत थांबणाऱ्यांना रागावू नका. त्यांना ब्रेक दाखवायचा एवढंच.

शेवटची दहा मिनिटं खेळ. लाल-पिवळा-हिरवा दिवा सगळ्यांना येतो. विषामृत स्कूटरवर फार रंगतो, फक्त शिवायचं नाही. तुम्ही नाव घेतलंत की ते मूल जागच्या जागी थांबणार आणि दुसऱ्या कोणी त्याच्याभोवती हळू चक्कर मारली की सुटणार. आज्ञा मात्र इंग्रजीतच आणि दोनच ठेवा: 'स्टॉप' आणि 'स्कूटर्स डाउन'. दुसरी ऐकली की स्कूटर जमिनीवर आडवी, हात मोकळे. शिट्टीचा अर्थ नेहमी एकच, थांबा. शिट्टी दुसऱ्या कशालाही वाजवू नका.

८. दुसरा वर्ग: वळणं आणि मागे बघणं

तीनचाकी आणि दुचाकी स्कूटर वेगळ्या रीतीने वळतात हे बरेच शिकवणारे विसरतात. पुढे दोन चाकं असलेल्या लहान मुलांच्या अनेक स्कूटरमध्ये हँडल फिरतच नाही. अंग कलवलं की चाकं वळतात. दुचाकीत हँडल फिरतं. तीनचाकीवरून नुकतंच दुचाकीवर आलेलं मूल हँडल न फिरवता नुसतं कलतं आणि आडवं होतं. उलट दुचाकीची सवय असलेलं मूल तीनचाकीचं हँडल पिळत बसतं. म्हणून दोन गट करा आणि दोघांना वेगळी सूचना द्या.

शंकू आधी ३ मीटर अंतरावर, मग २ मीटरवर, नागमोडी. वळणात ढकलायचं नाही. सरळ रेषेत ढकला, वळणात नुसतं तरंगा. त्यानंतर मऊ अडथळे. इथे मुलांना चाकाचा आकार दाखवा. स्कूटरचं पुढचं चाक जेमतेम १२ सेंटीमीटर व्यासाचं. २ सेंटीमीटरचा उंचवटा म्हणजे चाकाच्या केंद्रापर्यंतच्या उंचीचा तिसरा हिस्सा. ५० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाची सायकल तो सहज ओलांडते, स्कूटर अडते आणि मूल हँडलवरून पुढे जातं. उपाय: उंचवटा दिसला की थांबून उतरा. पुढचं चाक उचलून टाकण्याची कसरत शिकवू नका, ती दुसऱ्या दिवशी फुटपाथच्या कडेवर करून बघितली जाते.

मागे बघणं: तुम्ही मागे उभं राहून बोटं दाखवा, मुलाने सरळ रेषेत जात खांद्यावरून बघून आकडा ओरडायचा. सहा वर्षांच्या आतल्या बहुतेकांची स्कूटर बघायच्या दिशेला वळते. त्यांना सांगा: थांब, मग बघ. हात काढून इशारा करणं शिकवू नका. ते सायकलचं आहे. स्कूटरवर एका हाताने तोल राहत नाही.

शेवटी गर्दी. मैदानाचा एक कोपरा फुटपाथ समजा. चार मुलं पायी चालणार, बाकीची स्कूटरवर. चालणाऱ्याला हक्क, स्कूटरवाल्याने हळू व्हायचं, 'एक्सक्यूज मी' म्हणायचं, जागा नसेल तर उतरायचं. व्हीलचेअरवरच्या किंवा तोल सांभाळायला अडचण असलेल्या मुलाला इथे बाजूला बसवू नका. त्याची चाकाची गाडी याच रांगेत येते, आणि रस्त्याचे नियम सगळ्यांना तेच. खेळात पोलीस ठेवलात तर ती भूमिका आलटून पालटून द्या, त्याच मुलाला कायमची नको.

९. तिसरा वर्ग: फुटपाथ

सहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एकूण दोनपेक्षा कमी कधीच नाही: एक पुढे, एक मागे. लहान मुलांनी फुटपाथवर किंवा रस्त्यावर एकटं असू नये, आणि मोठ्यांनी मुलं आणि वाहनं यांच्या मधे चालावं, असं हायवे कोडच्या, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमपुस्तकाच्या, चौथ्या नियमात सांगितलंय. रस्त्याच्या बाजूला तुम्ही, भिंतीच्या बाजूला मूल. मुलांमध्ये दोन स्कूटरइतकं अंतर.

रस्ता आदल्या दिवशी त्याच वेळी चालून बघा. कचऱ्याचा वार कोणता ते बघाच; त्या दिवशी चाकाच्या कचरापेट्यांनी निम्मा फुटपाथ अडतो. झाडांच्या मुळांनी वर आलेल्या फरशा, पावसात गुळगुळीत होणारी लोखंडी झाकणं आणि क्रॉसिंगजवळच्या उंच ठिपक्यांच्या फरशा नकाशावर खुणा करून ठेवा. शाळेला वळसा घालून येणारा, एकही मोठा रस्ता न ओलांडणारा मार्ग पहिल्यांदा पुरे.

सर्वांत मोठा धोका घरांसमोरच्या गाडीच्या वाटेचा. ड्राइव्हवेतून गाडी उलट येते, कुंपणाच्या झुडपामागून ड्रायव्हरला सव्वा मीटर उंचीचं मूल दिसत नाही. मुलांना तीन खुणा शोधायला लावा: मागचे पांढरे दिवे, आत बसलेलं माणूस, इंजिनाचा आवाज. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो हेही सांगा. ड्राइव्हवेजवळ वेग चालण्याइतका. काहीही दिसलं तर थांबायचं.

रस्ता ओलांडताना प्रत्येक वेळी उतरायचं आणि स्कूटर हाताने ढकलत न्यायची. कडेपासून एक मोठं पाऊल मागे उभं राहा, कारण थांबलेल्या स्कूटरचं पुढचं चाक नकळत रस्त्यात सरकतं. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड बदलला आणि रस्ते मिळतात तिथे ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्याला वाहनाने आधी जाऊ द्यावं असं आलं. मुलांना मात्र हे हक्क म्हणून शिकवू नका. गाडी पूर्ण थांबली आणि ड्रायव्हरने आपल्याकडे बघितलं, मगच पाऊल. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांना एक गोष्ट सोपी जाते: गाड्या इथेही डावीकडूनच चालतात, त्यामुळे आधी उजवीकडे बघायची सवय तशीच राहते. झेब्रावर गाडी थांबते याची मात्र त्यांना सवय नसते. काही मुलं हात दाखवत मधेच घुसतात. त्यांना तुमच्या शेजारी ठेवा.

उतारावर सगळ्यांनी उतरायचं. बसथांबा, काठी घेतलेली व्यक्ती, मार्गदर्शक कुत्रा, बाबागाडी दिसली तरी उतरायचं.

१०. पडलं तर

पडतातच. गुडघा खरचटला तर धुणं आणि पट्टी, पुन्हा रांगेत. हँडल पोटाला लागलं असेल आणि पोट दुखत राहिलं तर बाहेरून काही दिसत नसलं तरी शाळेच्या प्रथमोपचारकाला लगेच दाखवा आणि पालकांना फोन करा. डोक्याला मार बसला तर मूल हसत असलं तरी स्कूटर बंद, शाळेची डोक्याच्या माराची चिठ्ठी घरी, आणि ते हेल्मेट बाद. आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. नोंदवहीत त्याच दिवशी लिहा: वेळ, जागा, काय झालं, कोण हजर होतं. अंदाज किंवा दोष लिहू नका. दम्याचे पंप वर्गाच्या जागी हवेत, ऑफिसच्या कपाटात नकोत.

११. वर्गानंतर स्कूटर ठेवायच्या कुठे

वर्ग यशस्वी झाले की पुढच्या आठवड्यात फाटकाशी स्कूटरचा ढीग लागतो, आणि मग शाळेला उत्साह जड वाटू लागतो. म्हणून स्टँडचं आधीच बघा. काउन्सिलकडे शाळांच्या प्रवास-उपक्रमातून कधीकधी मदत मिळते. लंडनमध्ये ट्रॅव्हल फॉर लाइफ हा उपक्रम आहे, इतरत्र बऱ्याच शाळा मोडशिफ्ट स्टार्स या शाळांच्या प्रवासाला दर्जा देणाऱ्या योजनेच्या पायऱ्या चढत असतात. स्टँड छताखाली हवा, नाहीतर बेअरिंग गंजतात. फाटकातून आत आल्यावर कोणीच स्कूटरवर बसायचं नाही, मोठं भावंडसुद्धा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नावाची चिकटपट्टी फळीच्या खालच्या बाजूला लावा. वर लावली तर बुटांनी दोन आठवड्यांत निघते. पालकांना पाठवायच्या पत्रात हँडलची उंची, ब्रेकवर तेल न मारणं आणि महिन्यातून एकदा बोल्ट आवळणं या तीन ओळी घाला.